कुलसुमबी म्हातारी होते

"मग दिवसभर तिला मी काय माझ्या डोक्यावर बसवू?" शाहीनबीनं परातीतलं पीठ असं रेटलं की परातच पुढं सरकली. "सकाळी नवाला ही दुकानात जाती, तवा कुठं माझं घर माझं होतं. आता तू म्हणतोस, तिला घरी ठेवा. तुझं काय जातंय? घरात तर मी असते!"

"अम्मी, मी हाकलतोय का तिला? आराम करू दे म्हणतोय," आसिफ म्हणाला. "आज मास्तरीणबाईच्या मनगटातून रक्त आलं. भर दुकानात! बाई काही बोलली न्हाय, रुमाल गुंडाळून गेली. पण परत येणार हाय का ती?"

"काचेचा धंदा करायचा अन् रक्ताला भ्यायचं, असं कसं चालंल?" खाजाभाई पलंगावरून म्हणाले. "तुझ्या दादीच्या हातून तर एकदा खुद्द नवरीला लागलं होतं."

"एकदा, अब्बा. एकदा! फुप्पीच्या हातून ह्या महिन्यात अकरा जणींच्या बांगड्या फुटल्या. उझमानं मोजल्यात."

उझमा म्हणजे आसिफची बायको. ती लसूण सोलत होती. मोजायचं काम तिनं केलं होतं, बोलायचं नवऱ्याकडं दिलं होतं.

"वाढल्या," कोपऱ्यातून आवाज आला.

"काय?"

"फुटल्या म्हणू नये. वाढल्या म्हणावं. मणियाराचं पोरगं ना तू?"

जिच्यावरून हे सगळं चाललं होतं ती कुलसुमबी, खाजाभाईंची धाकटी बहीण, हातांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून दुधात भाकरी कुस्करत होती. आणि ती म्हणत होती ते बरोबरच होतं. सवाष्णीच्या हातातली काच फुटली असं मणियाराच्या घरात कुणी तोंडातून काढत नाही. आसिफलाही ते माहीत होतं, म्हणून तो आणखी चिडला.

"बघा! हे बरोबर कळतं. हातात घालायची साईज तेवढी कळत न्हाय. म्हातारपण आलंय फुप्पीला. उद्यापासून दुकानात नक्को बोले तो नक्को."

"हौ, म्हातारपण आलंय," कुलसुमबीनं समाधानानं मान हलवली. त्या वाक्यात भांडण्यासारखं तिला काही दिसलं नाही. "पण मी दुकानात जाणार."

कुलसुमबी जन्मली बहात्तरच्या दुष्काळात. त्या वर्षी लोहाऱ्यात बांगड्या भरायला कोण येणार, म्हणून तिची आई पोटुशी असतानाच दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा चालली, सहा वर्षांची झाली तेव्हा बोलली. सोलापूरच्या एका डॉक्टरांनी तिला उलटसुलट करून पाहिलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, हिची समज कायम सात वर्षांच्या मुलीएवढीच राहील. दोन, असली मुलं तिशीच्या पुढं सहसा जात नाहीत.

पहिली गोष्ट आईला पटली नाही. सात वर्षांच्या पोरीला कुठं एवढं हट्टानं वागता येतं, असं ती म्हणायची. दुसरी गोष्ट मात्र तिनं मनात ठेवली आणि दर वर्षी लेकीच्या नावानं गोड भात करून गल्लीत वाटला. कुलसुमबी तीस वर्षांची झाली, पस्तीस झाली, चाळीस झाली. गोड भात करणारी आई गेली, बाप गेला. कुलसुमबी राहिली. ती पन्नाशी गाठेल असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं, त्यामुळं तिच्या म्हातारपणाची तयारी घरात कुणीच केली नव्हती.

तयारी केली ती फक्त कुलसुमबीनं. पहिला पांढरा केस दिसला तेव्हा ती तो उपटायला देईना. चिमटीत धरून गल्लीतल्या सहा घरी दाखवून आली. समोरचा दात पडला तेव्हा खिडकीत वाळत ठेवला. पंचेचाळिशीनंतर तिनं एकेक हक्क गोळा करायला सुरुवात केली. हातांची खुर्ची माझी. चहाचा पहिला कप मला. आसिफनं मला 'तुम्ही' म्हणायचं. यातलं शेवटचं जमेना. आसिफ भांडताना "तिला" म्हणायचा, काम असलं की "फुप्पी, तुम्ही". सगळ्यात मोठा विजय एसटीत झाला. दोन वर्षांपूर्वी कंडक्टरनं तिला अर्धं तिकीट फाडून दिलं. राज्यातल्या सगळ्याच बायकांना तेव्हापासून अर्धं तिकीट आहे. शेजारच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोरीलाही तेवढंच पडलं होतं. पण कुलसुमबीनं ते पांढऱ्या केसांच्या खात्यावर घेतलं, आणि तिला खरं सांगायची कुणाची छाती झाली नाही. शाहीनबीची सुद्धा नाही, आणि ती कुणाला काही सांगायची राहत नसे.

पण दुकानाचं वेगळं. दुकानात ती जवळजवळ चाळीस वर्षं होती आणि तिथं तिला मान मागावा लागत नसे.

आईनं तिला पंधराव्या वर्षी गादीवर आपल्या शेजारी बसवलं होतं. गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचा उंचवटा आत दाबायचा, बोटं जुळवायची. एवढं केलं की कुलसुमबीला तो हात कळायचा. आकडा कळायचा नाही. सव्वादोन, अडीच ही बोलायची भाषा तिला आली नाही कधीच. पण हात दाबून झाला की तिचा दुसरा हात मागच्या फळीवर आपोआप जाई आणि बरोबर मापाचं बंडल घेऊन येई. मोजायला तिला बारापर्यंत येत होतं. बांगड्या डझनावर विकतात, तेव्हा तेराची गरज पडली नाही.

आणखी एक गोष्ट आईनं शिकवली होती. बांगडी बोटांच्या सांध्यावर आली की बाई हात आखडते, आणि हात आखडला की काच वाढते. तेव्हा नेमकं त्या क्षणी कुलसुमबी विचारायची, "आज काय भाजी केली?" बाई विचारात पडायची, हात सैल सुटायचा, बांगडी आत. हे आईनं फक्त हात सैल व्हावा म्हणून शिकवलं होतं. कुलसुमबी उत्तरही लक्षात ठेवायची. "तू मागं दोडका केला होतास, नवरा जेवला न्हाय," असं ती एखादीला तीन वर्षांनी सांगायची. बायकांना हसू यायचं आणि थोडी भीतीही वाटायची.

गेल्या दिवाळीच्या आधी आसिफनं दुकान नवं केलं. गादी गेली, काउंटर आला. मागं आरसा, वर दिव्यांच्या पट्ट्या, काचेची फडताळं. उझमानं मन लावून रंगांप्रमाणं माल मांडला. एका भिंतीला हिरवा, मग लाल, मग सोनेरी. प्रत्येक बंडलावर आकड्याची चिकटपट्टी. दुकान खरंच देखणं झालं. उमरग्याच्या, मुरूमच्या मुली मोबाइलवर फोटो पाहून येऊ लागल्या.

आणि कुलसुमबी चुकू लागली. ती हात दाबायची, मागं हात न्यायची, बंडल आणायची आणि ते लहान निघायचं. किंवा एवढं मोठं की बाई म्हणायची, "हे काय पायात घालू?" महिन्या-दोन महिन्यांत ती भाजी विचारायची विसरू लागली. हात मागं नेण्याआधी थांबू लागली. घरी यायची ती गप्प. लोहाऱ्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, शक्तीच्या गोळ्या दिल्या, म्हणाले, वय झालं की अशा माणसांचं थोडं लवकरच उतरतं. ते ऐकून आसिफला वाईट वाटलं होतं, हे खरं. लहानपणी त्याला ह्याच फुप्पीनं कडेवर घेऊन बाजार दाखवला होता. पण हाताला रक्त आलं की वाईट वाटून चालत नाही.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी कुलसुमबी नवाला तयार होऊन दारात उभी राहिली आणि आसिफ मागच्या दारानं निघून गेला. ती दहापर्यंत उभी होती. मग खुर्चीत बसली आणि शाहीनबीला विचारू लागली. भात कधी टाकणार? कायकू आत्ताच? डाळ का भिजवली? मांजर कुठं गेलं? साडेअकरापर्यंत शाहीनबीनं अल्लाला तीनदा हाक मारली होती.

बाराच्या सुमाराला माकणीच्या कस्तुराबाई आल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी, आणि दुकानापासून घरापर्यंत बोलतच आलेल्या. मागं आसिफ, चेहरा पाडून.

"खाजाभाई, तुमच्या दुकानात आरसाच आरसा झालाय. जिकडं बघावं तिकडं मीच! कुलसुम कुठाय? परवा आमच्या सोनालीचं लगीन हाय. उद्या चुडा भरायचाय, भावकीतल्या साऱ्या बायकांना. हे पोरगं म्हणतंय, मी येतो."

"मी अन् उझमा येतो की, मावशी. फुप्पीला आता होत न्हाय."

"तू ये की. पेट्या उचलायला लागतंच कुणीतरी." कस्तुराबाई खुर्चीसमोर बसल्या. "माझा चुडा हिच्या आईनं भरला. माझ्या दोन्ही लेकींचा हिनं भरला. एक काच वाढली न्हाय. नातीचा दुसऱ्या कुणी भरला तर मला मांडवात झोप यायची न्हाय. कुलसुम, येतीस ना गं?"

"लेकीच्या वेळेला तू वांगं केलं होतंस," कुलसुमबी म्हणाली. "येते."

"होत न्हाय म्हणं!" कस्तुराबाईंनी आसिफकडं पाहिलं.

पेट्या खाजाभाईंनी स्वतः भरल्या. घरोघर जायच्या त्या दोन जुन्या लाकडी पेट्या माळ्यावरून काढल्या, पुसल्या. दुकानातून माल आणला आणि वडील भरत तसाच भरला. डावीकडं लहान पोरींच्या, मग जरा मोठ्या, मग आणखी मोठ्या, उजव्या टोकाला भरल्या अंगाच्या बायकांच्या. आसिफ म्हणाला, "रंग एकत्र झाले, अब्बा." खाजाभाई म्हणाले, "मला दुसरं येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं अर्धं तिकीट दिलं तेव्हा कुलसुमबीनं ते आसिफला दाखवलं. "तुला पुरं," ती म्हणाली.

माकणीत मांडवाखाली चटई अंथरली होती. उन्हाळा असला तरी धरणाकडून जरा वारा येत होता. कुलसुमबी भिंतीला टेकून बसली, दोन्ही पेट्या उघडून मागं उजव्या हाताशी ठेवल्या. आसिफ शेजारी बसला, कापूस आणि हळद खिशात घेऊन.

सोनाली पहिली. पोरगी पुण्यात नोकरीला होती, हात आधीच आखडून बसली. कुलसुमबीनं तिचा अंगठा आत दाबला.

"आज काय भाजी केली?"

"आजी, उद्या माझं लग्न आहे. मी कशाला भाजी करू?"

"मग काय खाल्लं?"

"सकाळी पोहे, आणि नंतर... थांबा, नंतर काहीच नाही. कुणी दिलंच नाही! आई, मला कुणी जेवायलाच..."

सहा बांगड्या आत गेल्या होत्या. मांडवातल्या बायका हसल्या. कुणीतरी नवरीसाठी ताट आणायला पळालं.

मग एकामागून एक हात येऊ लागले. काकू, मावश्या, जावा, लहान पोरी. आसिफ बघत होता. दहा झाल्या, वीस झाल्या. एकही काच वाढली नाही. कुलसुमबी बोलत होती, बायका बोलत होत्या, शेपू आणि चुका आणि वरण यांची चर्चा चालली होती, आणि तिचा उजवा हात मागं जाऊन येत होता. तिनं मागं वळून एकदाही पाहिलं नाही.

आसिफला बसून बसून कंटाळा आला, म्हणून त्यानं मदत केली. सुटलेली बंडलं गोळा केली आणि पेटीत नीट लावली. हिरव्याशेजारी हिरवी, लालशेजारी लाल. सहा महिन्यांची सवय.

पुढच्याच बाईच्या हातावर काच कडकन गेली. त्याच्या पुढच्या बाईला दोन बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. कुलसुमबी थांबली. तिनं भाजी विचारली नाही. तिचा हात मागं निघाला आणि मध्येच, हवेतच, घुटमळला.

असा घुटमळणारा हात आसिफ दिवाळीपासून रोज दुकानात बघत होता. त्यानं हाताकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं. मग गुडघ्यावर आला आणि बंडलं पुन्हा काढली. डावीकडं लहान, उजवीकडं मोठ्या. आकडे वाचून वाचून लावली, कारण त्याला हात दाबून कळत नव्हतं.

"फुप्पी, आता घ्या."

हात मागं गेला आणि बरोबर बंडल घेऊन आला. "गवार केली होती का?" कुलसुमबीनं समोरच्या बाईला विचारलं.

त्यानंतरच्या तीस हातांत एकही काच वाढली नाही. शेवटी कस्तुराबाईंनी स्वतःचा हात पुढं केला तेव्हा आसिफ पेटीच्या झाकणाला टेकून बसला होता.

"तुला काय झालं रे? तोंड का उतरलं?"

"काही न्हाय, मावशी. दुकानात एक चूक करून ठेवलीय."

उठताना मात्र कुलसुमबीला उठता येईना. चार तास मांडी घातली होती. दोघींनी दोन बाजूंनी धरलं, तिसरीनं पाठीमागून रेटलं, तेव्हा ती उभी राहिली आणि "या अल्ला, गुडघं!" म्हणून स्वतःच हसली. परतीच्या जीपमध्ये ती तोंड उघडं टाकून झोपली. मांडीवरचे तिचे हात सुजले होते. आसिफनं एवढ्या वर्षांत ते हात कधी नीट पाहिले नव्हते. आता लोहारा येईपर्यंत त्याला दुसरं पाहायला काही नव्हतं.

संध्याकाळी त्यानं घरात सगळं सांगितलं. सरळ सांगितलं, हे त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. "फुप्पीचं डोकं ठीक हाय. आपण तिची मापाची फळी मोडली."

"मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते," शाहीनबी म्हणाली. ती पहिल्या दिवसापासून वेगळंच म्हणत होती, पण ते कुणी काढलं नाही.

"उद्याच्या उद्या सगळं पहिल्यासारखं लावू," खाजाभाई पलंगावरून उठूनच बसले. "गादी आणू. काउंटर काढू."

"काउंटर काढू?" उझमा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "अब्बा, रंगानं लावल्यापासून गिऱ्हाईक किती वाढलंय ते बघा तरी. सगळं का काढायचं? आतली एक भिंत फुप्पीची करू. तिथं मापानं लावू. बाहेरच्या भिंती राहू द्या."

"मग तिला स्टूल नको, खुर्ची पाहिजे," आसिफ म्हणाला. "गुडघे दुखतात."

"खुर्ची चालंल. नऊ ते सहा, पहिल्यासारखं," शाहीनबी म्हणाली. "जेवायला पण तिकडंच डबा देते मी. रोज."

"दुपारी घरी येऊ दे की, जरा पडंल."

"दुकानातच पडंल. आतल्या खोलीत चटई टाका!"

चौघंही बोलत होते. कुणी खुर्ची कुठं ठेवायची ते सांगत होतं, कुणी चटई, कुणी पंखा. परवा तिला घरी ठेवायचं ठरवत होते, आज दुकानात ठेवायचं ठरवत होते. कुलसुमबी चहा पीत होती. कप संपवला, खाली ठेवला आणि सुजलेली बोटं एकेक करून सरळ केली.

"मी रोज येणार न्हाय," ती म्हणाली.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही. "काय म्हणालात, फुप्पी?" आसिफनं विचारलं.

"रोज येणार न्हाय. हात दुखतात, गुडघं दुखतात. म्हातारी झाले मी. आतली भिंत माझी, तिला कुणी हात लावायचा न्हाय. लगीन आलं तर पेट्या घेऊन जाणार, आसिफनं उचलायच्या. बाजारच्या दिवशी दुकानात बसणार. बाकी दिवस घरी."

शाहीनबीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "घरी म्हणजे? दिवसभर?"

"दिवसभर," कुलसुमबी म्हणाली. "उद्या बाजार न्हाय."